शेवाळी भिंत केवढ्याला पडते?

पिस्ता नको, पोपटी तर नकोच, जरा मातकट शेवाळी हिरवा हवा, असं ठरवून दुकानात निघाला असाल तर एक ऐका. मशीनवर टिंट टाकून मिळणारा फिका शेवाळी आणि साधा क्रीम यांच्या भावात लिटरमागे फारसा फरक नसतो. गडद शेड घेतली तर बेस बदलतो आणि भाव थोडा चढतो, एवढंच. पैसे खाते ती भिंत.

10 बाय 12 ची, 10 फूट उंचीची खोली धरा. दारं-खिडक्या वजा जाता साधारण 390 चौरस फूट भिंत उरते. दोन हातांना 4 लिटर रंग पुरतो. साधं इमल्शन घेतलं तर हजाराच्या आसपास, धुता येणारं चांगलं घेतलं तर दोन-सव्वादोन हजार. टचअप, प्रायमर आणि दोन हात यांची मजुरी फुटाला 10 ते 14 रुपये धरा. सगळं मिळून पाच ते आठ हजार. हे आकडे अंदाजापुरते. भाव दुकानागणिक बदलतो. मात्र पूर्ण पुट्टी मारायची झाली, की आणखी चार-पाच हजार.

आणि वऱ्हाडात पुट्टी सहसा टळत नाही. काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. भिंतीवर केसासारख्या भेगा येतात. त्या आधी खरवडून, क्रॅक फिलरने भरून घ्या. कूलरच्या खिडकीखालची भिंत नखाने खरडून पाहा. पापुद्रा निघाला, तर तिथला जुना थर प्लास्टरपर्यंत काढावा लागेल. दर्यापूर, अकोटकडच्या खारपाणपट्ट्यात भिंतीला खालून पांढरा खार फुटतो. तो कोरड्या ब्रशने झाडा, ओल कुठून येते ते शोधून बंद करा, मगच पुट्टी. नाहीतर पुढच्या पावसाळ्यानंतर तीही फुगेल, आणि शेवाळीवर पांढरा खार क्रीमपेक्षा जास्त उठून दिसतो.

शेडकार्डावरून रंग ठरवू नका. छोटा सॅम्पल डबा आणून दोन फुटांचा चौकोन मारा. सकाळी, भर दुपारी आणि रात्री दिवे लावून बघा. 6500 केल्विनच्या पांढऱ्याफेक ट्यूबखाली हा हिरवा राखेसारखा दिसतो, 4000 च्या दिव्याखाली खुलतो. माझं मत विचाराल तर चारही भिंती रंगवू नका. उजेडासमोरची एक भिंत शेवाळी, बाकी मोतिया, छत पांढरंच.

पेंटर एकाच कंपनीचा आग्रह धरत असेल, तर डब्यातल्या टोकनचाही विचार करा. त्या टोकनवर तो कमिशन घेतो म्हणून वाईट नव्हे, पण निवड तुमची असू द्या. छापील किमतीत जीएसटी धरलेला असतो. वरून वेगळा देऊ नका, बिल पक्कं घ्या. टिंट केलेला डबा दुकानदार परत घेत नाही, म्हणून माप दोनदा काढा. शेडचा कोड कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा.

दिवाळीआधी रंग हवा असेल, तर पेंटरला गणपतीतच सांगून ठेवा. दसऱ्यानंतर चांगला माणूस मिळत नाही, मिळालाच तर सांगेल तो भाव.