खालचा जबडा आणि दातांची कमान

स्मरणिकेसाठी काही लिहा, असा चिटणीसांचा निरोप आला तेव्हा विषय शोधावा लागला नाही. संस्थेच्या दवाखान्यात वेडेवाकडे दात असलेली मुले घेऊन येणारे आईवडील बहुधा एकच विनंती करतात : "डॉक्टर, तारा बसवा, पण दात काढू नका. कमानच जरा रुंद करता येणार नाही का?" रुग्णांच्या गर्दीत याचे उत्तर धड देता येत नाही, म्हणून ते येथे देतो.

दात ज्या हाडाच्या कप्प्यांत उभे असतात ते हाड दातांबरोबर येते व दात पडले की झिजून जाते. कवळी काढून ठेवलेल्या आजोबांचा चेहरा आठवावा, म्हणजे हे पटेल. या हाडाखाली जबड्याचा मूळ पाया असतो. तारेच्या दाबाने दात सरकतो आणि कप्प्याचे हाडही काही अंशी त्याच्यामागे जाते. पाया मात्र तारेला दाद देत नाही. वरच्या जबड्यात टाळूच्या मध्यावर सांधा असतो, त्यामुळे लहान वयात तो जबडा खरोखरच रुंद करता येतो. खालच्या जबड्याचे दोन भाग हनुवटीपाशी मूल वर्षाचे होईतो जुळून एक झालेले असतात. तेथे उघडायला सांधाच उरत नाही.

हे शहाणपण सहजासहजी आलेले नाही. अमेरिकेतील एडवर्ड अँगल (१८५५–१९३०) हे या शास्त्राचे आद्य आचार्य. सर्व दात राखून कमान रुंदावली तर चावण्याच्या व्यायामाने हाडही वाढेल, असा त्यांचा ठाम विश्वास होता. १९२५ साली स्वीडनच्या अॅक्सेल लुंडस्ट्रोम यांनी उलट मत मांडले : हाडाची बैठक दातांच्या मागे जात नाही. अँगल यांचेच शिष्य, अॅरिझोनातील चार्ल्स ट्वीड, यांनी गुरुवचन प्रमाण मानून काही वर्षे काम केले, आणि आपल्याच रुग्णांचे दात पुन्हा गर्दी करताना पाहिले. त्यांनी त्या रुग्णांना परत बोलावले, चार उपदाढा काढल्या, खालचे पटाशीचे दात पायाच्या हाडावर सरळ उभे केले, आणि दुसऱ्या उपचाराची फी घेतली नाही. गुरूच्या पंथात याचा मोठा गहजब झाला. चूक कबूल करून ती चारचौघांत मांडणारा हा गृहस्थ मला फार मोठा वाटतो.

मीही व्यवसायाच्या आरंभी हाच मोह केला. तेरा वर्षांची मुलगी होती. "लग्नाच्या पोरीचे दात काढायचे नाहीत," असे तिच्या आजींनी निक्षून सांगितले. ट्वीड वाचलेला असूनही मी मान डोलावली आणि खालच्या दोन सुळ्यांतले अंतर तारेने वाढवले. दोन वर्षे सारे देखणे दिसले. रिटेनर सुटल्यावर पटाशीचे दात पुन्हा एकमेकांवर चढले, आणि एका दातापुढची हिरडी खाली उतरली. प्लॅस्टरचे जुने व नवे साचे शेजारी ठेवून मोजले, तर सुळ्यांतले अंतर जवळजवळ मूळचेच झाले होते. हे अंतर नऊ-दहा वर्षांच्या सुमारास ठरते आणि मग फारसे वाढत नाही. आतून जीभ आणि बाहेरून ओठ व गाल त्याला जागेवर ठेवतात.

मग कमानीचा आकार ठरवावा कसा? गळ्यातली साखळी दोन बोटांत धरून लोंबती सोडा. त्या झोकासारखी दंतकमान असते, असे १९४९ साली मांडले गेले होते. परंतु बोटे जवळ आणली की झोक बदलतो, तशीच माणसामाणसांची कमान निरनिराळी असते. म्हणून एकाच मापाची तयार तार सर्वांच्या तोंडात बसवणे मला पसंत नाही. खालचा ओठ ओढून आरशात पाहावे. घट्ट, फिकट हिरडी संपून लालसर, सैल त्वचा सुरू होते, त्या रेषेच्या किंचित वर हिरडीचा फुगीर पट्टा दिसतो. लॉरेन्स व विल अँड्र्यूज या पितापुत्रांनी हा पट्टा खालच्या हाडाची खूण म्हणून वापरात आणला. सुळे व दाढा यांच्या जागी दातांची रुंदी आणि या पट्ट्याची रुंदी बरीच जुळते, असे २००८ सालच्या एका अभ्यासात दिसले. तारेला वळण देताना मी आधी रुग्णाचा हा पट्टा पाहतो.

याचा अर्थ प्रत्येकाचे दात काढावेत असा नव्हे. गर्दी थोडी असेल तर दातांच्या कडा किंचित घासूनही भागते. शिवाय दात काढल्याने सारे कायमचे जागी राहते असेही नाही. सिअॅटलच्या रॉबर्ट लिट्ल यांनी १९८१ साली उपदाढा काढलेल्या ६५ रुग्णांची तपासणी प्रसिद्ध केली. रिटेनर सोडून दहा वर्षे झाल्यावर खालचे पुढचे दात समाधानकारक राहिलेले रुग्ण ३० टक्क्यांहूनही कमी निघाले. तारा कधीच न लावलेल्यांच्या दातांतही वयाबरोबर गर्दी वाढते. तेव्हा दवाखान्यात येताना "दात काढू नका" एवढेच न सांगता "खालच्या हाडात जागा किती आहे?" असे विचारावे, आणि साचा हातात घेऊन पाहावा.

त्या मुलीचा दुसरा उपचार मी फी न घेता केला. आता ती स्वतः दोन मुलांची आई आहे, आणि रोज रात्री न चुकता रिटेनर लावून झोपते.