अभिलेखांची दुसरी प्रत : भांडारातील बिघाड कसा शोधावा

२६ जुलै २००५ रोजी झालेल्या अतिवृष्टीत कल्याण परिसरातील सखल वस्त्यांत उल्हास नदीचे पाणी शिरले. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला आग लागून वरच्या मजल्यांवरील असंख्य नस्त्या भस्मसात झाल्या. अभिलेखांची दुसरी प्रत अन्यत्र असणे का अगत्याचे आहे, हे या दोन घटनांनी दाखवून दिले. ठाणे महानगरपालिका १९८२ साली आणि कल्याण-डोंबिवली महानगरपालिका १९८३ साली स्थापन झाली, तेव्हा कारभार रुमालात बांधलेल्या दप्तरांवर चाले. कल्याण-डोंबिवलीने या शतकाच्या आरंभीच नागरी सेवा संगणकावर आणल्या. जन्ममृत्यूची नोंद असो वा मालमत्ता कराची आकारणी, आता दप्तर म्हणजे संगणकातील माहिती होय.

लक्षावधी नोंदींतून हवे ते नाव क्षणार्धात काढण्यासाठी शोधयंत्रणा वापरतात. २०१० साली प्रसिद्ध झालेली 'इलॅस्टिकसर्च' ही त्यांपैकी एक. तीत अनेक संगणक एका समूहाने काम करतात आणि प्रत्येक भागाची जादा प्रत दुसऱ्या संगणकावर राहते. मात्र हिला बॅकअप समजणे चुकीचे ठरेल, कारण चुकून पुसलेली नोंद सर्व प्रतींतून एकदमच पुसली जाते. खरा बॅकअप समूहाबाहेरील भांडारात ठेवावा लागतो, आणि बहुतेक तक्रारी या भांडाराच्याच असतात.

समजा, ठाणे, कल्याण व डोंबिवली येथील तीन कारकुनांना आपापले रुमाल एकाच अभिलेख कक्षात जमा करावयाचे आहेत. तिघांनाही 'खोली क्रमांक सात' असे सांगितले. परंतु डोंबिवलीचा कारकून आपल्याच इमारतीतील सात क्रमांकाच्या खोलीत गेला. त्याच्या दृष्टीने काम झाले, कक्षात मात्र त्याचा रुमाल पोहोचलाच नाही. संगणकांच्या समूहात नेमके हेच घडते. सामाईक डिस्क एखाद्या संगणकाशी जोडलेली नसली, तरी त्या नावाची रिकामी फोल्डर तेथे असतेच. म्हणून भांडाराची नोंदणी करताना यंत्रणा स्वतः परीक्षा घेते : मुख्य संगणक एक चाचणी फाइल लिहितो आणि इतरांनी ती वाचून आपली फाइल तेथे लिहावयाची असते. 'मुख्य संगणकाने लिहिलेली फाइल या संगणकाला सापडत नाही' असा संदेश आला, तर त्यात ज्या संगणकाचे नाव आहे, तेथूनच तपासाला आरंभ करावा.

डिस्क जोडलेली असूनही तोच संदेश आल्यास दोष बहुधा परवानगीचा असतो. लिनक्स प्रणालीत सामाईक डिस्कवरील हक्क वापरकर्त्याच्या नावावरून नव्हे, तर त्याच्या क्रमांकावरून ठरतो. एकाच नावाच्या वापरकर्त्याचा क्रमांक एका संगणकावर १००० आणि दुसऱ्यावर १००१ असेल, तर दुसऱ्याला दार बंदच. (नाव तेच दिसत असल्याने या एका आकड्यापायी अनुभवी तंत्रज्ञांचाही दिवस वाया जातो.) सर्व संगणकांवर क्रमांक सारखा करणे, हाच त्यावर उपाय.

'जागा मान्य यादीत नाही' अशी तक्रार असेल, तर 'पाथ.रेपो' या सूचनेत भांडाराचा मार्ग समूहातील मुख्य व माहिती साठविणाऱ्या प्रत्येक संगणकावर लिहून ते संगणक पाळीपाळीने पुन्हा सुरू करावे लागतात.

याहून गंभीर दोष माणसाच्या हातून घडतात. जागा मोकळी करण्यासाठी भांडारातील जुन्या फाइली हाताने पुसणे हा त्यांतील पहिला. प्रत्येक नवा बॅकअप केवळ बदललेला भाग साठवितो, उरलेल्यासाठी जुन्याच फाइलींचा आधार घेतो. म्हणून जुनी फाइल गेली की कालचा बॅकअपही निकामी होतो. जुने बॅकअप यंत्रणेच्या आज्ञेनेच काढावेत. तसेच दोन समूहांना एकाच भांडारात लिहू दिल्यास नोंदवही बिघडते. लिहिण्याचा अधिकार एकालाच देऊन दुसऱ्याची नोंदणी केवळ वाचनासाठी करावी.

बॅकअप 'यशस्वी' असा शेरा आला, तरी तो परत आणता येतो की नाही, हे वेगळ्याने पाहावे लागते. त्यासाठी चालू सूचीला धक्का न लावता, निराळ्या नावाने ती स्वतंत्र समूहावर उतरवावी. तो समूह जुन्या आवृत्तीचा असल्यास नव्या आवृत्तीचा बॅकअप तेथे उतरत नाही. उतरविल्यावर एकूण नोंदींची संख्या मूळ संख्येशी ताडून पाहावी आणि काही जुन्या जन्मनोंदी नावानिशी शोधून पाहाव्यात.