मूळ बोल्टांची पारख

जुन्या मोटारगाडीचा जीर्णोद्धार म्हटला की रंग, चामडे आणि क्रोमचा मुलामा यांकडे सर्वांचे लक्ष जाते. बोल्ट मात्र भंगाराच्या डब्यात पडतात. बाजारात नवे मिळत असताना गंजलेले जुने कशासाठी जपावयाचे, असा प्रश्न कोणीही विचारील. पण काही गाड्यांचे बोल्ट बाजारात सहजासहजी मिळतच नाहीत. मिळतात ते त्यांच्यासारखे दिसणारे. ब्रिटनमध्ये १९४५ ते १९४९ या काळात तयार झालेली एमजी टीसी ही गाडी याचे उत्तम उदाहरण होय.

टीसीचे इंजिन कॉव्हेंट्री येथील मॉरिसच्या कारखान्यात तयार होई. हा कारखाना मुळात हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा; पहिल्या महायुद्धाच्या काळात तो इंग्लंडात उभा राहिला आणि १९२३ मध्ये मॉरिसकडे आला. यंत्रे फ्रेंच असल्यामुळे आटे मेट्रिक राहिले. इंग्रज कारागिरांजवळचे पाने चालावेत म्हणून बोल्टांची डोकी मात्र व्हिटवर्थ मापाची ठेवण्यात आली. हा विचित्र संकर कितीतरी वर्षे टिकला. भारतातील हिंदुस्थान टेन ही गाडी ज्या मॉरिस टेनवर बेतलेली होती, तिचे इंजिनही याच कुळातले.

या इंजिनावरील ८ मिलिमीटर व्यासाच्या बोल्टात दोन आट्यांमधील अंतर १ मिलिमीटर असते. आजच्या सर्वसाधारण ८ मिलिमीटर बोल्टात ते १.२५ असते. डोक्याची रुंदी ०.५२५ इंच, म्हणजे सुमारे १३.३ मिलिमीटर. त्यावर १३ चा पाना बसत नाही आणि १४ चा कोपरे झिजवतो. खरा धोका ५/१६ इंची यूएनएफ बोल्टाचा आहे. त्याचा व्यास ७.९४ मिलिमीटर आणि आट्यांतील अंतर सुमारे १.०६, फरक डोळ्यांना दिसत नाही. असा बोल्ट काही फेरे सहज आत जातो, मग अडतो. तेथे जोर लावला की बिडाच्या ब्लॉकमधील आटे सोलून निघतात. बोल्ट पुन्हा घडवता येतो. पाऊणशे वर्षांपूर्वीचा ब्लॉक कोठून आणावयाचा?

म्हणून ओळख पटवण्यासाठी पान्यावर विसंबू नये. पाना डोक्याचे माप सांगतो, आट्यांचे नव्हे. आटे मोजण्याच्या गेजचे पाते बोल्टावर टेकवून उजेडासमोर धरावे. व्हिटवर्थ आणि तिची बारीक आट्यांची बहीण बीएसएफ यांचा कोन ५५ अंशांचा, मेट्रिकचा ६० अंशांचा. पाते चुकीचे असेल तर फटीतून उजेड दिसतो. ही दक्षता टीसीवर विशेष हवी, कारण इंजिन मेट्रिक असले तरी चासीवर बीएसएफ बोल्ट आहेत. डोक्यावर उत्पादकाचे नाव किंवा पोलादाची प्रत दाखविणारे अक्षर असल्यास तेही टिपून ठेवावे. तारेच्या फिरत्या ब्रशाखाली ही अक्षरे पुसली जातात. रॉकेलमध्ये भिजवून पितळी ब्रश वापरणे बरे. जुना मुलामा कॅडमियमचा असू शकतो. त्याची धूळ व धूर दोन्ही विषारी असल्याने तो कोरडा घासू नये, तापवू तर मुळीच नये.

स्वच्छ झालेला बोल्ट काचेवर घरंगळवून पाहावा. वाकलेला असल्यास तो लडबडतो. नट बोटांनी शेवटपर्यंत फिरला पाहिजे. मध्येच घट्ट झाला, तर त्या जागी बोल्ट ताणला गेला असण्याचा संभव असतो. व्हर्निअर कॅलिपरने तेथील व्यास मोजावा. आटे नुसते मळलेले असतील तर डाय चालवू नये, ती धातू कापते.

कनेक्टिंग रॉड, स्टीअरिंग व ब्रेक यांच्या बोल्टांना मात्र हा न्याय लावता येत नाही. वर्षानुवर्षे ताण सोसलेल्या पोलादातील सूक्ष्म तडा डोळ्यांना दिसत नाही. तेथे त्याच आट्यांचे, योग्य प्रतीचे नवे बोल्टच बसवावेत. मौलिकतेचा हट्ट धरणारे या बाबतीत सरळसरळ चुकतात. उच्च ताणाच्या बोल्टांना विजेच्या साहाय्याने नवा मुलामा देतानाही सावधगिरी हवी. त्या प्रक्रियेत हायड्रोजन पोलादात शिरून ते ठिसूळ करतो. त्यामुळे मुलाम्यानंतर लगेच असे बोल्ट सुमारे २०० अंश सेल्सिअसवर काही तास तापवावे लागतात. मुलामा देणाऱ्याकडे बोल्टांचे पोते सोपवण्यापूर्वी त्याच्याकडे ही भट्टी आहे की नाही, हे विचारून घ्यावे.