घटक ६ : आराखडालेखन – साध्या मजकुरातून माहितीची रचना

६.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हांला
– आराखड्याची संकल्पना स्पष्ट करता येईल;
– विखुरलेल्या टिपणांची पातळीनिहाय मांडणी करता येईल;
– साध्या मजकुरातील आराखड्याचे फायदे आणि मर्यादा सांगता येतील.

६.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्र-मैत्रिणींनो, मागील घटकात आपण टिपणे कशी काढावीत हे पाहिले. टिपणे साठतात, परंतु तेवढ्याने उत्तर तयार होत नाही. तुमच्यापैकी अनेकांना नोकरी, शेती किंवा घरकाम सांभाळून तुकड्यातुकड्यांच्या वेळेत अभ्यास करावा लागतो. आठ दिवसांनी वही उघडली की कोणता मुद्दा कशासाठी लिहिला होता, हेच आठवत नाही. हा तुटलेला धागा पुन्हा हाती देणारे साधन म्हणजे आराखडा.

६.२ विषय-विवेचन

६.२.१ आराखडा म्हणजे काय?

विषयातील मुद्दे, उपमुद्दे आणि तपशील यांचे परस्परांशी असलेले नाते दाखवणारी क्रमबद्ध यादी म्हणजे आराखडा. नुसत्या यादीत सर्व नोंदी एकाच पातळीवर असतात. आराखड्यात मात्र प्रत्येक नोंदीविषयी दोन गोष्टी कळतात : ती कोणत्या नोंदीच्या पोटात येते, आणि तिच्या आधी व नंतर काय येते. पहिली गोष्ट ओळ आत सरकवून दाखवतात. दुसरी क्रमाने किंवा क्रमांकाने. या दोनच खुणांवर वाणसामानाच्या यादीपासून राज्यघटनेपर्यंत कोणतीही माहिती रचता येते.

६.२.२ परंपरेतील दाखले

कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त १५ अधिकरणे, १५० अध्याय आणि १८० प्रकरणे आहेत. ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात या सर्व विषयांची क्रमवार नोंद दिली आहे, तर अखेरच्या अधिकरणात शास्त्रलेखनाच्या ३२ तंत्रयुक्ती सांगितल्या आहेत. विषयांचा क्रम लावणे हीदेखील त्यांतील एक युक्ती होय. मराठीत समर्थ रामदासांचा ‘दासबोध’ पाहा : २० दशक, प्रत्येक दशकात १० समास, म्हणजे एकूण २०० समास. त्यामुळे दशक, समास आणि ओवी एवढे तीन आकडे सांगितले की कोणत्याही आवृत्तीत नेमकी जागा सापडते.

भारतीय राज्यघटनेत अनुच्छेद, खंड, उपखंड अशा पातळ्या आहेत. अनुच्छेद १९ च्या पहिल्या खंडातील सहावा उपखंड मालमत्तेच्या हक्काविषयी होता. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने तो वगळण्यात आला. परंतु पुढच्या उपखंडाचे अक्षर बदलले नाही, मधली जागा रिकामीच राहिली. कारण क्रमांक हा पत्ता असतो. जुन्या निवाड्यांत आणि ग्रंथांत त्या पत्त्याने केलेले उल्लेख निरर्थक होऊ नयेत, यासाठी तो स्थिर ठेवावा लागतो.

६.२.३ टिपणांपासून आराखड्यापर्यंत

समजा, ‘लीळाचरित्राचे वाङ्मयीन महत्त्व’ या प्रश्नासाठी तुमच्या वहीत पुढील नोंदी आहेत : म्हाइंभट; लहान वाक्ये; एकांक; महदाइसा; संवाद; चक्रधरांच्या आठवणी; यादवकालीन लोकजीवन; पूर्वार्ध; उत्तरार्ध; बोलीला जवळची भाषा. त्यांची मांडणी अशी करता येईल :

लीळाचरित्राचे वाङ्मयीन महत्त्व
– १. ग्रंथाची घडण
– – १.१ संकलक : म्हाइंभट
– – १.२ साधन : अनुयायांनी सांगितलेल्या चक्रधरांच्या आठवणी
– – १.३ विभाग : एकांक, पूर्वार्ध, उत्तरार्ध
– २. गद्यशैली
– – २.१ लहान वाक्ये
– – २.२ संवाद
– – २.३ बोलीला जवळची भाषा
– ३. व्यक्तिदर्शन
– – ३.१ चक्रधर
– – ३.२ महदाइसा
– ४. समाजदर्शन
– – ४.१ यादवकालीन लोकजीवन

ही मांडणी करताना तीन नियम पाळावेत.

(अ) एका पातळीवर विभागणीचे एकच तत्त्व असावे. ‘गद्यशैली’ आणि ‘एकांक’ यांना शेजारी बसवता येणार नाही. पहिला वाङ्मयीन विशेष आहे, दुसरा ग्रंथाचा विभाग.

(आ) पोटातील प्रत्येक नोंदीने वरच्या नोंदीला आधार द्यावा. तसा तो मिळत नसेल, तर नोंद हलवावी किंवा गाळावी.

(इ) एकटा उपमुद्दा दिसल्यास थांबून विचार करावा. वरील आराखड्यात ४ खाली एकच नोंद आहे. याचा अर्थ, समाजदर्शनाविषयी आपले वाचन अपुरे आहे. अन्न, वस्त्र, व्यवसाय, प्रवास यांविषयीच्या लीळा पुन्हा वाचून येथे भर घालावी लागेल.

तिसरा नियम सर्वांत महत्त्वाचा आहे. सलग परिच्छेदात भाषेच्या ओघाखाली उणीव झाकली जाते. आराखड्यात ती मोकळी जागा म्हणून समोर येते. परीक्षेच्या आधी आपल्याला काय ठाऊक नाही हे कळणे, हाच आराखड्याचा मोठा लाभ होय.

६.२.४ साधा मजकूरच का?

अक्षरे, अंक, विरामचिन्हे, मोकळी जागा आणि नवी ओळ एवढ्यांनीच बनलेला मजकूर म्हणजे साधा मजकूर. त्यात रंग, चौकटी किंवा अक्षरांची सजावट नसते. तो वहीत, मोबाइलवरील संदेशात किंवा संगणकावर सारख्याच रूपात राहतो. मराठी विद्यार्थ्यांनी याकडे विशेष लक्ष द्यावे. पूर्वी संगणकावरील बरेचसे मराठी टंकन विशिष्ट फाँटवर अवलंबून असे. तो फाँट नसलेल्या संगणकावर तीच फाइल उघडली की रोमन अक्षरांची निरर्थक रांग दिसे. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीचा समावेश होता. या पद्धतीत प्रत्येक अक्षरचिन्हाला फाँटनिरपेक्ष संकेतांक असतो. म्हणून आपला आराखडा युनिकोडमध्ये टंकित करून साध्या मजकुराच्या फाइलमध्ये जतन करावा.

६.२.५ मर्यादा

आराखडा प्रत्येक नोंदीला एकच घर देतो. विषय मात्र अनेकदा दोन घरांचे असतात. मेल्विल ड्यूई यांच्या १८७६ च्या दशांश वर्गीकरणानुसार ग्रंथालयात मराठी भाषेचे ग्रंथ ४९१.४६ या क्रमांकावर, तर मराठी साहित्याचे ८९१.४६ वर येतात. भाषा आणि साहित्य यांचा संबंध निकटचा असूनही त्यांची कपाटे दूर पडतात. आपल्या आराखड्यातही महदाइसेचे बोलणे व्यक्तिदर्शनात येते आणि संवादातही. अशा वेळी नोंद एका ठिकाणी ठेवून दुसरीकडे ‘पाहा : ३.२’ असा निर्देश करावा.

दुसरी मर्यादा अशी की, आराखडा म्हणजे उत्तर नव्हे. मुद्द्यांमधील ‘म्हणून’, ‘परंतु’, ‘याउलट’ हे संबंध त्यात दिसत नाहीत. ते वाक्यांतूनच प्रकट करावे लागतात. मुद्द्यांची नुसती यादी लिहिली, तर विवेचन झाले असे म्हणता येणार नाही.

स्वयं-अध्ययन प्रश्न

१. यादी आणि आराखडा यांत कोणता फरक आहे?
२. ‘दासबोधा’त एकूण किती समास आहेत?
३. एकटा उपमुद्दा कशाची सूचना देतो?

६.३ सारांश

आराखड्यात माहितीचे ‘पोटात काय’ आणि ‘पुढे काय’ असे दुहेरी नाते दाखवले जाते. प्राचीन शास्त्रग्रंथांपासून राज्यघटनेपर्यंत ही रचना आढळते. एका पातळीवर एकच तत्त्व ठेवल्यास आराखडा नेमका होतो आणि अभ्यासातील उणिवा उघड करतो. साध्या मजकुरात तो कोणत्याही साधनावर टिकतो. मात्र मुद्द्यांमधील संबंध उलगडण्याचे काम लेखकालाच करावे लागते.

६.४ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

१. यादीत सर्व नोंदी एकाच पातळीवर असतात. आराखड्यात नोंदींची पातळी आणि क्रम यांतून त्यांचे नाते कळते.
२. २०० समास.
३. त्या मुद्द्याविषयीचे वाचन अपुरे असण्याची किंवा विभागणी अनावश्यक असण्याची.

६.५ स्वाध्याय

१. साध्या मजकुरातील आराखड्याचे फायदे आणि मर्यादा यांची सोदाहरण चर्चा करा.
२. अभ्यासक्रमातील कोणत्याही एका साहित्यकृतीवरील तुमची टिपणे घेऊन तीन पातळ्यांचा आराखडा तयार करा. रिकाम्या वाटणाऱ्या जागांपुढे खूण करा आणि त्या भरून काढण्यासाठी काय वाचावे लागेल, ते लिहा.