यात्रेला निघण्याआधी

कारंजा (लाड)

चि. सुमेध यास अनेक आशीर्वाद.

नवा मोबाईल घेतलास आणि रामनवमीला पोहरादेवीच्या यात्रेत फोटो काढायला जाणार आहेस, हे ताईकडून कळलं. तू पाठवलेले फोटो पाहिले. त्यातले निम्मे एकाच पळसाचे! आम्ही ३६ फोटोंच्या रोलमध्ये अख्खं लग्न उरकत होतो, बाबा.

आधी लेन्स पूस. तुझ्या फोटोंतलं धुकं मानोरा गावचं नाही, तुझ्या बोटांचं आहे.

आता मुद्द्याचं. मोबाईलला सगळं जग गव्हाळच दिसतं. आपली काळी जमीन तो राखाडी करतो, कापसाचा पांढराशुभ्र ढीग मळकट करतो. फार गडद दिसलं की उजळायचं, फार उजळ दिसलं की दाबायचं, एवढंच त्याला कळतं. म्हणून पडद्यावर बोट टेकव. शेजारी छोटा सूर्य दिसेल, तो वरखाली सरकव. कापसाला वर, काळ्या रानाला खाली. हे उलटं वाटेल, पण करून बघ.

पोहरादेवीला याची खरी परीक्षा आहे. बंजारा बायांच्या फेटिया-काचळीवर, म्हणजे घागरा-चोळीवर, आरसे असतात आणि चेहरे उन्हानं रापलेले. चेहऱ्यावर बोट टेकवलंस की मोबाईल चेहरा उजळवतो, आणि आरशांचे नुसते पांढरे डाग होतात. अंधारलेला भाग नंतर थोडाफार उकरून काढता येतो; पांढराफटक झालेला भाग कायमचा गेला. तेव्हा सूर्य जरा खालीच ठेव.

त्यात रामनवमीचं ऊन. आपल्याकडे २० मेच्या आसपास भर दुपारी सावली पायाखाली नाहीशी होते. चैत्रातही सूर्य जवळजवळ डोक्यावरच. फोटोत डोळ्यांच्या जागी काळे खड्डे येतात. माणसाला मंडपाच्या कडेला, सावलीत, पण तोंड उघड्या आभाळाकडे करून उभं कर. नाहीतर सकाळी लवकर जा. तू उठशील असं वाटत नाही, तरी सांगून ठेवतो.

पोहरादेवीचं नंगाऱ्याच्या, म्हणजे नगाऱ्याच्या, आकाराचं बंजारा संग्रहालय ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालं, त्याचा फोटो सगळेच काढतात. तूही काढ, पण पुढ्यात एखादा माणूस येऊ दे, म्हणजे इमारत केवढी ते कळेल.

दोन बोटांनी चित्र ताणू नकोस. बहुतेक वेळा तो झूम नसतो, कात्री असते. सोहोळच्या अभयारण्यातला तुझा काळवीट मला बराच वेळ खोडच वाटला. माणसाचा फोटो हवा तर दोन पावलं पुढे जा. काळविटाच्या मागे मात्र धावू नकोस. तिथलं गवत आणि खुरांचे ठसे टिप.

आणि विचारल्याशिवाय काढू नकोस. फार वर्षांपूर्वी एका जत्रेत मी एका म्हातारीवर न विचारता कॅमेरा रोखला. तिनं पटकन ओढणी तोंडावर घेतली. रोल धुतल्यावर तेवढाच फोटो सुरेख निघाला, आणि तो मी कधी कुणाला दाखवला नाही. आधी दोन शब्द बोल, फोटो काढलास की पडद्यावर त्या माणसाला दाखव. पत्ता दिला तर छापून पोचव. मानोऱ्याची एसटी तुला माहीत आहे.

रात्रीच्या भजनाचे फोटो खांबाला टेकून काढ, हात हलतो.

परत आलास की रंग न चढवता दहाच फोटो घेऊन ये. कोणते दहा, ते तू ठरव. ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा