तलावाचा डोह राखा

भंडारा हा तलावांचा जिल्हा होय. पूर्वी कोहळी समाजाने बांधलेल्या मालगुजारी तलावांवर धानाचे ओलीत होते आणि ढीवर बांधवांची मासेमारी चालते. १९५१ साली मालगुजारी संपली. पुढे अनेक तलावांत गाळ साचत गेला. असा उथळ तलाव अवर्षणाच्या वर्षी उन्हाळ्यापूर्वीच आटू लागतो.

उथळ पाणी लवकर तापते व तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी राहतो. रात्री पाणवनस्पतीही तो वापरतात. त्यामुळे पहाटे मासे वर येऊन तोंड उघडू लागतात. हे धोक्याचे लक्षण समजावे. रोहू, कटला आधी मरतात. मरळ, शिंगी हवेतून श्वास घेऊन काही काळ तग धरतात. तलाव आटला की पाणपक्षीही निघून जातात.

याकरिता पुढील काळजी घ्यावी :

१. ओलितासाठी तलाव तळापर्यंत उपसू नये. डोहात किती पाणी राखावयाचे, हे शेतकरी व मासेमार यांनी हंगामापूर्वीच ठरवावे.

२. पहाटे मासे वर येऊ लागताच मोठे मासे काढून गर्दी कमी करावी.

३. कोरड्या भागातील गाळ काढून शेतात टाकावा.

४. बेशरम मुळासकट उपटावी. देवधान व कमळ मात्र राखावे.

रोहू-कटल्याचे बीज विकत आणता येते. परंतु गावच्या देशी माशांचे बीज डोहातच टिकते. तो आटल्यास पुढील पावसाळ्यात तलाव भरेल, पण जाळे रिकामे राहील.