उन्हाळी सोयाबीन : थंडी पाहून पेर धरा



सन २०२० च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन उगवलेच नाही म्हणून कितीतरी रानांत दुबार पेर करावी लागली. २०१९ च्या ऑक्टोबरात काढणीला आलेले पीक पावसात भिजले होते, त्याचा तो परिणाम. विकतच्या पिशवीवर भिस्त नको, तर घरचे बी उन्हाळ्यात करून घ्यावे, असे आमचे मत आहे. एप्रिलअखेर निघालेले बी जूनपर्यंत ताजे राहते.

खरी गोम तारखेत आहे. थंड मुलखात शेवटचे हिम कधी पडते ते पाहून सोयाबीन टाकतात. जपानात हिरव्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडून खातात, त्या पिकाचेही तेच गणित. आपल्या लोह्याला हिम नाही. पण पौषाचा गारठा आहेच. पारा १० अंशांखाली गेला की बी दहा-बारा दिवस मातीत पडून राहते, काही कुजते. उलट जानेवारी सरल्यावर पेरले तर फूल मार्चात, दाणा एप्रिलच्या उन्हात. मग फुले गळतात, दाणा बारीक पडतो आणि पिवळ्या मोझॅकचाही ताप वाढतो.

तेव्हा डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून संक्रांतीपर्यंत पेर उरकावी. थंडीचा कडाका असेल तर पाच-सात दिवस दम धरावा, पण संक्रांत ओलांडू नये.

आता आपली अडचण उसाची. खोडवा मोडून रान करायचे, तर तोड डिसेंबरच्या मध्यापर्यंत झाली पाहिजे. तोड लांबली तर या रानाचा नाद सोडावा. पाचट, ढेकळे तशीच ठेवून पेरलेले बी वर येत नाही. पाणीही आधी मोजावे. मार्च-एप्रिलात ऊसही तहानलेला असतो, म्हणून अर्ध्या एकराहून जास्त करू नये. अर्ध्या एकराला तेरा किलो बी लागते. त्यातून दोन क्विंटल चांगले बी हाती आले तरी एकरी २६ किलोप्रमाणे सात एकरांची सोय झाली.

पेरण्याआधी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून पाहावे. सत्तर उगवले तरच पेरावे. परभणीच्या विद्यापीठाचे एमएयूएस-७१, एमएयूएस-१५८, एमएयूएस-६१२ हे वाण आपल्याकडे माहितीचे आहेत. रान ओलवून, घात आल्यावर तीन-चार सेंटिमीटर खोल पेरावे, त्याहून खोल नको. फुलोऱ्यात आणि शेंगा भरताना पाण्याला ताण देऊ नये. मळणीला यंत्राचा वेग कमी ठेवावा, कारण सोयाबीनचे टरफल नाजूक. फुटलेला दाणा बियाण्याच्या कामाचा नाही. पोती फरशीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर ठेवावीत आणि थप्पी उंच रचू नये.